चटईखालचे पाय

पेनीला मातीआड केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, वायलुआच्या घराण्याची माणसं आमच्या अंगणात येऊन बसली. मी झावळ्यांचा पडदा वर गुंडाळला आणि हात तसाच राहिला. सगळे खाली माना घालून, गप्प. सर्वांत पुढे एक जण मांडी घालून बसलेला आणि त्याच्या डोक्यावरून पांघरलेली उंची चटई, लाल पिसांच्या किनारीची.

फिलिपोने, म्हणजे वायलुआच्या थोरल्या मुलाने, मॅचवरून परतताना दारू पिऊन पिकअप भरधाव हाणली होती. खांद्यावर तारोच्या कंदांची कावड घेऊन रस्त्याच्या कडेने घरी येणारा माझा धाकटा भाऊ जागच्या जागी गेला. आता ते आमच्या बेटाच्या रीतीप्रमाणे माफी मागायला आले होते. आम्ही चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर ते उन्हापावसात बसून राहणार. आणि आमच्यातल्या कुणी कोयता चालवला, तरी त्यांच्यातला एकही हात वर होणार नाही. चटईखाली घराण्याचा प्रमुख बसतो, पिकल्या केसांचा. अशा माणसावर कोयता उगारायला हात धजत नाही, त्यावरच सगळ्यांची भिस्त.

माझ्या पाठचा, पेनीहून मोठा भाऊ योआने खांबापाशी उभा होता. हातात कोयता.

"बसू दे. टाळकी शेकू देत त्यांची," तो म्हणाला.

"योआने, प्रभूने काय सांगितलंय..." माझ्या नवऱ्याने सुरुवात केली. तो शेजारच्या गावात पाळक आहे.

"पाळकसाहेब, प्रभूचं तुमच्या चर्चमध्ये. हे माझं अंगण आहे."

आदल्या दिवशी कबरीपाशी नवऱ्याने प्रेमावरच उपदेश केला होता. आईचं प्रेम, मैत्रीचं प्रेम, नवरा-बायकोचं प्रेम, ही तिन्ही आपली आपण येतात. चौथं, ज्याने आपलं वाटोळं केलं त्याच्यावरचं, ते मात्र देवाकडे मागावं लागतं. बोलायला काय जातं! भाऊ काही त्याचा गेला नव्हता. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, "तुमचं ते चौथं प्रेम तुम्हीच मागा. माझ्या वाटणीचं मागू नका."

ऊन चढलं. आई आतल्या बाजूला, पेनीच्या उशीवर हात ठेवून बसली होती. कालपासून तिने तोंड उघडलं नव्हतं. मी चटईकडे बघत होते, आणि कडेखालून बाहेर आलेल्या पायांवर नजर गेली.

डाव्या पायाला करंगळी नव्हती.

ती करंगळी कुऱ्हाड निसटून तुटली तेव्हा फिलिपो सात-आठ वर्षांचा असेल. माझ्या लुंगीची चिंधी फाडून मीच ती जखम बांधली होती. वायलुआ माझी लहानपणापासूनची मैत्रीण. आम्ही एका ताटात जेवलो, एकीने मार खाल्ला की दुसरी रडायची. मी मागच्या रांगेत पाहिलं. त्यांचा प्रमुख, वायलुआचा म्हातारा दीर, तिथे बसला होता. म्हणजे पोराने हट्ट केला असणार. 'माझं पाप, चटईखाली मीच बसणार,' असा.

योआनेला हे कळलं, की संपलं.

"तो म्हातारा एवढा का हलतोय?" योआने म्हणाला.

"ऊन लागत असेल," मी म्हटलं.

"ऊन नाही. रडतोय तो." त्याने मान पुढे काढली, मागच्या रांगेवरून नजर फिरवली. "त्यांचा प्रमुख तर तिकडे बसलाय. मग खाली कोण आहे गं, ताई?"

माझी नजर पुन्हा त्या पायांवर गेली. तेवढं त्याला पुरलं. तो पायऱ्या उतरू लागला.

आमच्याकडे भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही. जीव देईल, पण तिच्यावर हात टाकणार नाही. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, कारण खरं सांगते, मलाही तो पोरगा मेलेलाच हवा होता. मागच्या रांगेतून वायलुआने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी धावले. चटई उचलली नाही, ते माझ्याने होणार नव्हतं. कड ओढून खाली शिरले.

आत काळोख होता, घामाचा वास होता.

"मावशी, तू जा," फिलिपो हुंदके देत म्हणाला. "तो मारेल."

"गप बस मेल्या. तुझ्यासाठी नाही आले मी. तुझ्या आईसाठी आले. आणि माझ्या भावाचे हात रक्ताने भरू नयेत म्हणून आले. तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही."

बाहेर पावलं थांबली.

"ताई, बाहेर ये."

"नाही."

"ताई, तुझ्या पाया पडतो. बाहेर ये!"

"मार की. आधी मी आहे."

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग घासत येणारी दुसरी पावलं आली, ओळखीची.

"सरक रे, योआने," आई म्हणाली.

डोक्यावरची चटई निघाली आणि डोळ्यांत ऊन घुसलं. आईने ती दोन्ही हातांनी बाजूला टाकली. फिलिपोकडे बराच वेळ पाहत राहिली. मग फाडकन त्याच्या मुस्काटात मारली. ती स्वतःच तोल जाऊन पडणार होती, योआनेने कोयता टाकून तिला धरलं.

"जेवलायस का?" तिने पोराला विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"लोसा, ताट वाढ ह्याला," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

मागच्या रांगेत वायलुआ आता मोठ्याने रडू लागली. योआने पाण्याच्या टाकीमागे निघून गेला.

मी चुलीपाशी आले. मयताला आलेल्यांची उष्टी ताटं तशीच पडली होती, धुतलेलं एकच होतं फळीवर. पेनीचं, निळ्या काठाचं.

"मी वाढू का?" मागून नवऱ्याने हळूच विचारलं.

"नको. आईने मला सांगितलंय."

मनात त्या पोराबद्दल माया म्हणाल तर गुंजभरही नव्हती. तारो ठेवला, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं ठेवली, मासा ठेवला, आणि ताट उचलायला गेले तेव्हा दिसलं, मी पेनीला वाढायची तेवढंच वाढलं होतं.