कपाटातला वास

आग विझली की घरची माणसं हटकून एकच चूक करतात: ओलं फडकं घेऊन भिंतीला भिडतात. काजळी तेलकट असते, पाणी लागलं की भिंतीत मुरते. घड्याळजींनीही तेच केलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर काळे फराटे ओढून ठेवले होते आणि वर कडी म्हणजे सुगंधी फवाऱ्याचे दोन डबे घरभर रिकामे केले होते. सफाईवाली दारात आली आणि तिथेच थबकली. गुलाबाचा मळा पेटवल्यासारखा वास सुटला होता.

"काका, हे काय करून बसलात?"

"बाई, आता ओरडू नका. उद्या संध्याकाळपर्यंत घर असं करा, की इथे काही झालंच नाही. परवा माझी लेक येतेय."

सफाईवालीला सगळे नाकवाली म्हणत. वीस वर्षं ती जळकी घरं साफ करत होती. या धंद्यात हात कुणाचेही चालतात, नाक मात्र भरवशाचं लागतं. पहिल्या तासाभरातच तिने घड्याळजींकडून सगळं काढून घेतलं. दुकान बंद केलं तरी म्हाताऱ्याचा हात घड्याळांवरून सुटला नव्हता. कढईत तेल तापत ठेवून ते बाहेरच्या खोलीत एका जुन्या घड्याळाशी झटत बसले. धूर दिसला, तोवर खिडकीचा पडदा पेटला होता. शेजाऱ्याने धावत येऊन आग विझवली. जळलं ते स्वयंपाकघर, पण धूर काय, मेला आगंतुक, सगळ्या खोल्या हिंडून आला.

आगीपेक्षा त्यांना लेकीची धास्ती जास्त होती. त्यांच्या थोरल्या भावाला म्हातारपणी काहीच आठवेनासं झालं, तेव्हापासून लेकीने धसका घेतला होता. 'गॅस एकदा जरी विसरलात, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं,' असं तिने बजावून ठेवलं होतं. बोलेल ते करणारी पोरगी. आणि घड्याळजींना या घरातून हलायचं नव्हतं. चाळीस वर्षं संसार केला होता इथे.

नाकवाली कामाला लागली. आधी सुक्या स्पंजाने वरून खाली सरळ पट्टे, मग साबणाचं पाणी. पंख्याची पाती, दारांच्या वरच्या कडा, स्विचबोर्डांची झाकणं. धूर नेमका तिथे दडून बसतो, जिथे झाडू वर्षभर पोचत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळजी आतल्या खोलीत आले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! फर्स्ट क्लास. कणभर वास नाही."

नाकवाली बघतच राहिली. त्याच खोलीतल्या गादीचा तिला असा भपकारा येत होता, की डोळे चुरचुरत होते.

"काका, खरं सांगा. तुम्हाला वास येत नाही ना?"

घड्याळजी पलंगाच्या कडेवर टेकले. "दीड वर्ष झालं. तापातून उठलो, पण नाक काही उठलं नाही."

"अहो, म्हणून तेल जळल्याचं कळलं नाही! मग हे लेकीला सांगा की. डोकं ठीक आहे, नाक गेलंय. त्यात लपवायचं काय?"

त्यांनी उठून कपाट उघडलं. आत एका बाईचे कपडे नीट घड्या घालून ठेवलेले होते.

"हिला जाऊन दोन वर्षं झाली. लेक आली की आधी हे कपाट उघडते. ही शाल तोंडाशी धरते आणि म्हणते, 'बाबा, आईचा वास आहे ना अजून?' मी म्हणतो, आहे की. आता तिला काय सांगू? की मला तिच्या आईचा वास कधीचाच येईनासा झालाय?" त्यांनी शाल पुढे केली. "तुम्ही बघा ना जरा. धुराखाली काही उरलंय का?"

नाकवालीने शाल नाकाशी धरली. हो म्हणायला काय जात होतं? पण त्या तोंडाकडे बघून तिला खोटं बोलवेना.

"नुसता धूर आहे, काका. धुवावीच लागेल."

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. लेक एक दिवस आधीच आली होती. अजून पुरतं साफ न झालेलं काळं स्वयंपाकघर बघून ती ओरडतच आत धावली. वडिलांचे हात उलटसुलट करून तपासले, कपाळाला हात लावला, आणि ते धडधाकट आहेत असं कळल्यावर मग भडकली.

"बस झालं, बाबा. आता एक शब्द ऐकणार नाही. सामान बांधा."

घड्याळजी मान खाली घालून उभे. नाकवालीच्या जिभेवर सगळं आलं होतं, पण बापलेकीच्या मध्ये आपण कोण? ती शालीची घडी घालत राहिली. मग घड्याळजी पुटपुटले, "मी तसा विसरभोळा नाही गं झालो. मला वास येत नाही. दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष?" लेक शालीकडे बघायला लागली. "मग तुम्ही मला दर वेळी..."

"खोटं बोलायचो. तुला बरं वाटावं म्हणून."

लेक पलंगावर बसली. आता ही रडणार, असं नाकवालीला वाटलं, आणि ती रडलीही. पण रडता रडता हसायलाही लागली.

"बाबा, मलाही वर्षभर या शालीला आईचा वास येत नव्हता हो. तुम्ही 'आहे की' म्हणायचात, मला वाटायचं, निदान तुम्हाला तरी येतोय. ते तुटू नये म्हणून मी विचारत राहिले."

घड्याळजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नाकवाली खिडकीकडे तोंड करून डोळे पुसू लागली. डोळ्यांत धूर गेला म्हणायची सोय होती, तेवढं बरं.

"छताला धुराची घंटा बसवायची," लेक नाक ओढत म्हणाली. "आणि गॅस पेटवला की गजर लावायचा. घरात वीस गजर आहेत, एक तरी उपयोगाला येऊ दे."

"म्हणजे सामान नाही बांधायचं?"

"नाही. पण पुन्हा काही लपवलंत, तर बघा."

नाकवालीने घसा खाकरला. "ताई, या शालीचं काय करू?"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. घड्याळजींनी शाल हातात घेतली, एकदा चाचपली आणि नाकवालीला दिली.

"धुवा," ते म्हणाले. "वाळली की मी पांघरीन. ऊब कळते मला अजून."