उजवी फेरी

सोनिवलीच्या वेशीबाहेर धर्मराजचा मळा होता, एका विहिरीवर भिजणारा. भातं निघाली की तो नांगरून त्यात भेंडी लावायची आणि ती सिंधी निर्वासितांच्या वसाहतीत, कॅम्प तीनच्या बाजारात न्यायची. सिंधी बायका भेंडीचं टोक मोडून बघत, आणि ती कोवळी निघाली की पाटी बसल्या जागी रिकामी होई. भात पोटापुरतं पिके, घर खरं चालायचं ते भेंडीवर.

आणि हीच भेंडी तीन वर्षं मधल्या वाफ्यांत करपत होती, कडेच्या वाफ्यांत कुजत होती, आणि दोन्हीचं खापर धर्मराजच्या बायकोच्या, गोदूच्या माथ्यावर फुटत होतं.

कारण दारं धरायची ती. धर्मराज विहिरीवर मोट हाकी, पाणी पाटातून मळ्यात येई, आणि गोदू फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडी. कडेच्या वाफ्यांत पाणी घोट्याच्या वर चढे. मधल्या वाफ्याचं तोंड उघडावं तर पाणी तिथंच घुटमळे आणि मागे फिरून पुन्हा कडेला जाई.

"तुला दारं धरता येत नाय," धर्मराज विहिरीवरून ओरडे. "शंभर मोटा झाल्या, हीर खरवडली, आनि मदली भेंडी कोरडी ती कोरडीच."

"मदली जमीन वर आलीय. पानी काय वर चढंल?"

"माज्या बापाच्या वक्ताला नव्हती ती वर?"

नव्हती. हेच तर ती सांगत होती. पण ऐकतो कोण!

या घरात नांगरट सुरू व्हायची ती मळ्याच्या मधोमध. तिथं राजाबाई, म्हणजे गोदूची सासू, नारळ फोडी, बैलांना कुंकू लावी, आणि मग नांगर तिथूनच उजव्या अंगानं, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा, फेरी वाढवत वाढवत बांधापर्यंत जाई. सासऱ्याचा नांगर लाकडी होता. तो जमीन नुसती उकरायचा, माती दोन्ही अंगांना सारखी सांडायची, त्यामुळे फेरी उजवी घातली काय नि डावी घातली काय, मळ्याला फरक पडत नव्हता. कॅम्प वसला त्याच्या दुसऱ्या साली धर्मराजनं लोखंडी नांगर आणला. हा नांगर माती उलथतो, आणि उलथतो ती फक्त उजवीकडे. उजव्या फेरीत उजव्या हाताला असतो मळ्याचा मधला भाग. म्हणजे दरसाल बांधाकडची माती मध्यावर चढत होती. नांगर बदलला, फेरी तीच राहिली. नांगरामागून हरळीच्या मुळ्या वेचत चालणाऱ्या गोदूला हे पहिल्याच साली दिसलं होतं. नांगर हाकणाऱ्याला दिसलं नाही, त्याची नजर बैलांच्या शेपट्यांवर.

"एक साल मदनं उजवी फेरी घाला, दुसऱ्या साली बांधावरनं डावी," तिनं सांगून पाहिलं. "माती आलटून पालटून पडंल, रान सपाट ऱ्हाईल."

राजाबाई हातातलं सूप टाकून उठली. "डावी फेरी मढ्याभवती घालतात. माज्या जित्या मळ्याला घालतेस?"

झालं. पुढं बोलायची सोय नव्हती. गोदूनं स्वतः नांगर धरला असता, पण बाईनं नांगराला हात लावायचा नाही, हेही याच घरानं ठरवून ठेवलेलं. मग एका माघात तिनं घमेल्यानं मधली माती उचलून कडेला टाकली. पंधरा दिवस कंबर धरून चालत होती. पुढच्या नांगरटीत ती सगळी माती परत मध्यावर जाऊन बसली. त्या दिवशी गोदू बांधावर बसून रागानं रडली, आणि राजाबाईनं शेजारी सांगितलं की सुनेला माहेरची आठवण आली.

चौथ्या साली शेतकी खात्याचा एक साहेब बदलापूरहून सायकल मारत आला. धर्मराज मोटेवर होता. साहेबानं पाण्यात उभ्या असलेल्या गोदूला विचारलं, "बाई, मधलं पीक असं का?" गोदूनं फेरी, नांगर, माती सगळं एका दमात सांगितलं. साहेब मान हलवत विहिरीकडे गेला आणि म्हणाला, "डाव्या फेरीनं नांगरा."

"जी साहेब," धर्मराज म्हणाला.

तिची तीन वर्षांची घसाफोड, आणि साहेबाचे हे तीन शब्द. सरकारचा माणूस बोलला म्हटल्यावर राजाबाईसुद्धा गप्प बसली.

दोन साल डावी फेरी झाली आणि रान ताटासारखं सपाट झालं. साठ मोटांत अख्खा मळा भिजू लागला. पाणी वाफ्यात शिरलं की शेवटच्या रोपापर्यंत आपलं आपण जाई. बाजारात धर्मराज साहेबाचं नाव घेऊन घेऊन सांगे. गोदूला त्याचंही काही वाटलं नाही, भेंडी आली होती ना.

तिसऱ्या साली त्यानं बैल पुन्हा बांधाला नेले.

"आता मदनं उजवी घाला," गोदू म्हणाली. "सपाट झालंय. अजून डावी घातलीत तर मदी खड्डा पडंल."

"सायबानं डावी सांगितलीय."

"तवा सांगितली. जमीन वर आली होती म्हनून."

"तू सायबापरीस शानी?"

त्या साली मध्यावर पाणी तुंबलं आणि मधली भेंडी कुजली. "तुला दारं धरता येत नाय," धर्मराज म्हणाला. पुढच्या साली नांगर पुन्हा बांधावर. या खेपेला गोदू एक अक्षर बोलली नाही. भेंडी लावली, वाफे झाले, पहिलं पाणी द्यायचा दिवस आला तसं तिनं फावडं नवऱ्याच्या हातात दिलं.

"दारं तुमी धरा. मोट मी हाकते."

मोट हाकायला बाईला मनाई नव्हती. ती ठरवायची राहून गेली असावी.

सकाळभर तिनं मोट हाकली. चाळिसाव्या मोटेला धर्मराजची हाक आली, "थांब." पन्नासाव्याला ती ओरड झाली. गोदूनं बैल सोडले आणि मळ्यात गेली. धर्मराज मधोमध गुडघाभर चिखलात उभा होता. कडेच्या वाफ्यांत धूळ होती. तो बांधाकडे बघे, पायाकडे बघे, पुन्हा बांधाकडे बघे.

"पुढल्या साली नांगर मदनं लावू का?" त्यानं हळूच विचारलं.

तो विचारत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गोदूला बरं वाटायला हवं होतं, पण पायाशी बियाणं तरंगत होतं आणि यंदाची भेंडी गेल्यातच जमा होती.

"लावा," ती म्हणाली. "पन का लावायचा ते सांगा मला."

धर्मराजनं बराच विचार केला.

"तू म्हंतेस म्हनून," तो म्हणाला.

गोदूनं कपाळाला हात लावला. मग लुगडं खोचून चिखलात उतरली, आणि त्याला नांगराच्या पहिल्या तासापासून, माती कुठं पडते तिथपासून, समजवायला बसली.