हात वर, गाठ गायब

कोरियातल्या आमच्या टोंगयोंग बंदरामागच्या सभागृहात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सुरीने कालवांचे शिंपले फोडणाऱ्या आम्ही साऱ्याजणी कामावर दांडी मारून आलो होतो. सोक गुरुजी आमच्यातल्याच माल-सुकच्या काखेतली गाठ सर्वांदेखत विरघळवणार होते. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. उद्या तिचा केमोचा डोस होता आणि ती जाणार नाही म्हणून हटून बसली होती.

सुरी चालवून काखेत सूज आली असेल, असं समजून तिने वर्षभर दुखणं अंगावर काढलं. आमच्यात सगळ्याजणी असंच करतात. डॉक्टरांकडे गेली तोवर स्तनाचा कॅन्सर काखेतल्या गाठींत पोहोचला होता. आधी केमो, मग ऑपरेशन, असं ठरलं. निम्मे डोस झाले, केस गेले, तोंड आलं, आणि तेवढ्यात हे महाराज भेटले.

गुरुजी झोकात आले. तिला गाठ चाचपायला लावली, काहीबाही पुटपुटले. अंगातली काळी हवा आभाळाला परत द्यायची असते म्हणे. त्यासाठी त्यांनी तिचा गाठीच्या बाजूचा हात वर ताणून धरायला लावला.

"आता दुसऱ्या हाताने बघ, मुली."

माल-सुकने चाचपलं आणि ती रडायलाच लागली. गाठ नव्हती. बायका तळहात चोळत प्रार्थना करू लागल्या.

मला राहवेना. याच रोगापायी माझी एक काख कापली गेली आहे. दुसरी बाजू तपासताना डॉक्टरीणबाई दर वेळी हात खाली सैल सोडायला सांगतात. का, ते मी विचारून घेतलं होतं. मी गर्दीतून पुढे घुसले.

"माल-सुक, हात खाली घे. सैल सोड. आता बघ."

तिचा चेहरा उतरला. "आहे गं ताई."

"अविश्वासाने परत आली," गुरुजी गरजले.

"बरं, वर कर. गेली? खाली घे. आली? गुरुजी, अविश्वास काय हिच्या कोपराला बांधलाय?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. हात ताणला की काखेतली कातडी नि स्नायू ताठ होतात, आतली गाठ बोटांना लागत नाही. एवढीच ती विद्या.

बाहेर आल्यावर माल-सुक माझ्यावरच उखडली. "घटकाभर तरी बरी झाले होते मी. डॉक्टर तरी कुठे बरी होशील म्हणतात?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. "नाही म्हणत. जितक्या गाठींत पसरलं, तितका धोका जास्त, हे तोंडावर सांगतात. पण औषधाने गाठ लहान होतेय, हेही त्यांनीच मोजून दाखवलं ना?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "उद्या बरोबर येशील?"

येईन म्हटलं. बायांनो, माल-सुक वाचेल का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही, आणि ते तसं सांगतात. पण वाचण्याची जी काही आशा आहे, ती औषधात आहे. ज्याला तपासून पाहिलेलं खपत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.