कडुलिंबाचं पाणी

शुगरमुळं माह्या पायाची जखम चिघळली. नागपूरच्या डॉक्टरनं तिच्यावर नव्या जातीची पट्टी लावली. साबुदाण्याच्या खिरीवानी लिबलिबीत होती, आत औषध भरलेली. आणखी चार पट्ट्या देल्ल्या, संग एक कागद, तोही इंग्रजीत.

तांड्यावर आलो. दुसऱ्याच दिवशी पट्टी फुगून पिवळी पडली. माही बायको हंसाबाई घाबरली. "पू झाला जी!" तिनं पट्टी काढून फेकली, कडुलिंबाच्या पाण्यानं जखम पुसली, नवी पट्टी लावली. पाचही पट्ट्या पाच दिवसांत गेल्या.

महिन्यानं पाय कापला. डॉक्टर माह्यावरच भडकला. "ती पट्टी घाण शोषते, म्हणून पिवळी होते. आठ दिवस हात लावायचा नव्हता. कोणी काढली?"

माह्या मनात आलं, मंग हे आधी मराठीत सांगाले काय झालतं तुले?

हंसाबाई बाहेर बाकावर बसली होती. मी म्हणलं, "मीच काढली."

आता ती रोज विचारते, "एवढं साफ ठेवलं जी, तरी काहून सडला?"

"नशीब," मी म्हणतो.

मंग ती कडुलिंबाचं पाणी कोमट करते आन् उरलेला पाय मांडीवर घेऊन धुते.