दोन रस्त्यांमधली लिफ्ट

“थांबा. आधी रिकामी जाऊ दे,” म्हणत बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, लिफ्टच्या दारात हात आडवा धरला.

मागे रांग लागली होती. खालच्या रस्त्यावरून वरच्या बाजारात जायला या डोंगरगावात दोनच वाटा. एकशे ऐंशी पायऱ्या, नाहीतर कड्याला टेकून उभी असलेली, सरकत्या जाळीच्या दाराची ही जुनी लिफ्ट. नवरा बॅगा घेऊन पायऱ्यांनी कधीच पुढे गेला होता.

“काका, नाडी बघताय का तिची?” मागून कुणीतरी म्हणालं.

“हो. थांबलात तर तुमचीही बघतो,” बाबा म्हणाले.

रिकामी लिफ्ट वर गेली, खाली आली. बाबा जाळीला कान लावून ऐकत होते. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्टच दुरुस्त केल्या. मी मात्र लिफ्टकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. 

दोन दिवस माझा हाच उद्योग चालला होता. सोमवारी माझी नोकरी सुरू होणार होती, लेक खारू झाल्यानंतरची पहिली. तिला दिवसभर बाबांपाशी ठेवायचं की पाळणाघरात, हे आज पाचच्या आत पाळणाघराच्या बाईंना कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. “अगं, बाबा आहेत की घरात,” हे नवऱ्याचं पालुपद. डोकं जरा शांत होईल तुझं, म्हणून त्यानेच ही सहल काढली. कसलं शांत! गेल्या महिन्यात बाबा दूध गॅसवर ठेवून वाचत बसले आणि पातेल्याचा कोळसा झाला. तेव्हापासून धास्ती होती, आणि या सहलीत तर मी परीक्षकबाईच झाले होते. खारूला उतारावर घट्ट धरलं, एक गुण. चष्मा हॉटेलच्या खोलीत विसरले, एक गुण वजा.

“ठीक वाटतेय,” बाबा म्हणाले. साडेतीन वर्षांच्या खारूने त्यांना हाताला धरून आत ओढलं. पाठोपाठ एक नवरा-बायको मोठाल्या बॅगांसकट घुसले.

“बास, भरली,” लिफ्टमनने मला अडवलं. “तुम्ही पुढच्या फेरीला.”

दार लागलं. लिफ्ट हातभर वर गेली, आणखी दोन हात गेली, कण्हली आणि थांबली.

आता माझ्या कपाळाच्या उंचीवर लिफ्टची जमीन होती. तिच्या वर बाबांच्या चपला, शेजारी खारूचे लाल बूट. लिफ्टमन वरच्या यंत्रखोलीकडे पायऱ्यांनी धावत सुटला. रांगेतल्या मघाच्या माणसाने जोर लावून खालची जाळी सरकवली.

“आई!” खारूने भोकाड पसरलं.

“घाबरू नकोस, बाळा! मी आहे! घाबरू नकोस!” मी किंचाळले. ती आणखीच रडायला लागली.

“बाबा, आतलंही दार सरकवा आणि खारूला द्या माझ्याकडे. एवढी फट पुरते तिला!”

“नाही.”

“बाबा, मी धरते ना!”

“फटीतून कुणीही बाहेर यायचं नाही. तू मागे हो.”

लग्नानंतरच्या सहा वर्षांत ते माझ्याशी या आवाजात बोलले नव्हते.

“अहो काका, लेकरू आहे, द्या की!” तो माणूस म्हणाला. “आम्ही झेलतो.”

“लेकरू आहे म्हणूनच.” मग आवाज खाली आणून, “सूनबाई, तू ओरडतेस म्हणून ती रडतेय. तिला काहीतरी साधं विचार.”

मला रागही आला आणि रडूही. पण मागे झाले. 

“खारू... सकाळी किती बिस्किटं खाल्लीस गं?”

हुंदका. “तीन.” मग बराच विचार करून, “चार. एक आजोबांचं.”

“चोर सापडला,” बाबा म्हणाले. आतल्या बाई हसल्या.

आणि तेवढ्यात लिफ्ट धाडकन खाली आली, चांगली हातभर. खारूला ओढून घ्यायला मी जिथे डोकं घालणार होते, तिथून लिफ्टची लोखंडी कड आता छातीपर्यंत खाली आली होती.  मी भिंतीला टेकले.

मग मात्र वरून लिफ्टमन हाताने सोडत होता तशी ती इंचाइंचाने उतरली. दार उघडल्यावर खारू धावत आली. “आई, परत एकदा!”

बाबा सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले, खाली परतलेल्या लिफ्टमनशी दोन शब्द बोलले आणि समोरच्या बाकावर बसले. गुण-बिण माझ्या डोक्यातून केव्हाच उडाले होते. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

“माझं चुकलं,” ते म्हणाले.

“अहो, तुमचं कसलं? मीच तर...”

“ऐक. मोटार कालपासून घरघरतेय, आत्ता लिफ्टमन सांगत होता. मला ती ऐकूच आली नाही. डावा कान गेलाय माझा. उजव्याने जवळचं तेवढं ऐकू येतं अजून. घरी बोललो नाही. पण खारूला मी नेहमी उजव्या हातालाच धरतो.” पाणी प्यायले. “दिवसभर मला ती झेपायची नाही, बाई. पाळणाघराची जागा सोडू नकोस.”

हे वाक्य मला दोन दिवस हवं होतं. आता ऐकवेना.

पाचला दहा मिनिटं कमी होती. मी फोन लावला. “अर्धा दिवस चालेल का?” मी विचारलं. बाई चालेल म्हणाल्या. मुलीला न्यायला कोण येणार, त्यांना लिहून घ्यायचं होतं.

“आजोबा,” मी म्हणाले. “रोज साडेबाराला आजोबा येतील.”

बाबांनी मान वर केली. “ओळखपत्र लागेल?”

“लागेल बहुतेक.”

“त्यावरचा फोटो जुना आहे. मिशा होत्या तेव्हा.” बाटलीचं झाकण लावलं. “मी बाराला जाऊन उभा राहीन.”

“बाबा, साडेबारा.”

“हो गं. पण पहिला दिवस आहे.”

ते उठले, समोरच्या बंद दुकानाच्या काचेत पाहिलं आणि शर्टाची कॉलर नीट केली.