माझ्यावर कोणी बसत नाही

मी खुर्ची बोलतेय. समुपदेशन करणाऱ्या बाईंच्या खोलीतली, जिच्यावर कोणी बसत नाही ती.

सुताराने मला जेवणाच्या टेबलासोबत बनवलं होतं. पुढे ते घर मोडलं, आम्ही बहिणी पांगलो आणि मी बाईंकडे आले. वाईट वाटलं का? छे, लाकडाला कसलं वाईट वाटतंय!

माझं काम अजबच. बाई मला समोर ठेवून म्हणतात, "समजा, ते इथे बसलेत. राहिलेलं बोला." मग हयात नसलेली, नाहीतर बोलणं टाकलेली माणसं माझ्यावर येऊन बसतात. लोक मला शिव्या घालतात, माझी माफी मागतात आणि निघताना माझ्यावरच पिशवी टेकवून चपला घालतात. मला त्याचं काही नाही.

एकदा शिवणकाम करणारी एक ताई आली. तिचे वडील वारले होते. आजारपणात त्यांचं सगळं तिनेच केलं, पण ते गेल्यावर डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"भाऊ म्हणतो, तू दगड आहेस," ती सपाट आवाजात म्हणाली. "माझी त्यांच्यावर मायाच नव्हती का हो बाई? नुसतं उरकत होते का मी?"

बाईंनी मला खोलीच्या मधोमध ओढलं. "बाबा इथे बसलेत. त्यांनाच सांगा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काहीच वाटत नाही," म्हणाली. मला पटलं. आम्ही दोघी एकाच जातीच्या, असं वाटलं.

मग ती उठली आणि मला दोन्ही हातांनी धरून तिने भिंतीकडे सरकवलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"वर पंखा आहे ना. बाबांना वारा सोसत नाही, लगेच खोकला..."

ती मध्येच थांबली. हात माझ्या पाठीवर तसेच राहिले.

ती त्या दिवशीही रडली नाही. पण वेळ संपेपर्यंत तिने मला सोडलं नाही, आणि दारातून वळून म्हणाली, "येते हं, बाबा."

आता माझा एक पाय डुगडुगतो. बाई नवी खुर्ची आणणार म्हणतात, आणू देत. तुम्ही कधी या खोलीत आलात, तर डोळे कोरडे आहेत म्हणून लाजू नका. मला काही वाटत नाही, हे तर सांगितलंच. फक्त ती 'येते' म्हणाली तेव्हा 'ये' म्हणायला मला तोंड हवं होतं.