सारंगीला लावलेला कर्णा

"मीरासाब, तुमी वाजवताय का नुसता गज फिरवताय? मागच्या बाकावर बसलं की तुमची सारंगी ऐकूच येत न्हाय बगा!"

नाटक कंपनीचे मालक गणपतराव तालमीत सगळ्यांदेखत हे बोलले, तेव्हा अमीरबी बापाची भाकरी फडक्यात बांधून नाटकगृहाच्या दारात उभी होती. ऑर्गनवाला फिदीफिदी हसला. दोन नटांनी त्याला साथ दिली. मीरासाबनं, तिच्या बापानं, गज मांडीवर ठेवला आणि तोही हसला.

मालकाच्या बोलण्यानं तिच्या अंगाची लाही झाली खरी, पण बापाचं ते हसणं तिला जास्त झोंबलं.

मीरासाब बारा वर्षं या कंपनीत सारंगी वाजवत होता. पूर्वी खेळ कापडी मांडवात व्हायचे. तीन-चारशे माणूस दाटीवाटीनं बसायचं आणि राणीचा विलाप सुरू झाला, सारंगीवर गज फिरला, की बायका पदर तोंडात धरायच्या. आता कोल्हापुरात पत्र्याच्या छपराचं नवं नाटकगृह झालं होतं. हजार माणूस मावेल एवढं. त्यात गणपतरावांनी मुंबईहून पायानं भाता मारायचा ऑर्गन आणला. त्या धुडाच्या घरघरीत सारंगी बुडाली. गणपतरावांनी तालमीच्या त्याच दिवशी सांगून टाकलं, वीस दिवसांनी नवं नाटक लागतंय, त्यात सारंगी नको.

घरी जाताना अमीरबी रस्ताभर बडबडत होती. "बारा वर्सं! आनि एका शब्दानं बोलला न्हाईसा तुमी. वर हसताय!"

"मालक खोटं न्हाईत बोलले, बेटी," मीरासाब म्हणाला. "मलाच ऐकू येत न्हाय माझी सारंगी. थेटर मोठं झालं, मी हाय तेवढाच ऱ्हायलो."

"मग सारंगी मोठी करायची!"

"ती काय भाकरी हाय व्हय, थापून मोठी करायला?"

मीरासाब लेकीकडंच राहायचा. अमीरबीचा नवरा दिलदार पत्र्याचं काम करायचा. दिवे, नरसाळी, रॉकेलची मापं. अठरा वर्षं त्याच्याशेजारी बसून तिचा हातही कथलाचा डाख देऊन पत्रा सांधायला त्याच्याइतकाच बसला होता. लोक माल घेऊन जाताना म्हणायचे, दिलदारचं काम पक्कं. त्यातलं निम्मं काम तिचं असायचं.

दोन दिवसांनी ती डाखाचं कथील आणायला शाहूपुरीत गेली. तिकडं विलायतेत लढाई पेटलेली, त्यामुळं कथील मिळायची मारामार. चार दुकानं हिंडून ती वैतागली होती. तेवढ्यात गाणं ऐकू आलं. कुणीतरी बाई गात होती. गुळाच्या अडतीवरचा कालवा, बैलगाड्यांचा खडखडाट, हमालांचा आरडाओरडा, सगळ्यावरून तिचा आवाज येत होता. अमीरबी आवाजामागं गेली. दुकानाच्या फळीवर तबकडीचं यंत्र होतं आणि त्याला धोतऱ्याच्या फुलासारखा पितळी कर्णा.

ती पुढं झाली आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्या कर्ण्याच्या बुडाशी काय हाय, दावा."

"तुला गं काय करायचंय बाई? घ्यायचंय का?"

"घ्यायचं असतं तर विचारलं असतं का काय हाय म्हनून? दावा म्हंटलं की!"

तिचा आवाजच असा होता की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदारानं बला टळावी म्हणून एक मोडकी डबी तिच्या हातावर ठेवली. चांदीच्या रुपयाएवढी अभ्रकाची पातळ चकती, भोवती रबराचं कडं, आणि चकतीच्या मध्याला टेकलेली पोलादी सुई. "सुई हालली की चकती हालते, आनि कर्णा ती थरथर मोठी करतो. झालं समाधान?"

झालं नव्हतं. डबी घेऊन ती घरी आली ते थेट बापापुढं उभी राहिली. "सारंगीच्या तारा ज्या घोडीवर टेकत्यात, तिच्यावर सुई टेकवायची. तारांची थरथर घोडीत येतेच की. तिथनं सुईत, सुईतनं चकतीत, चकतीतनं कर्ण्यात."

मीरासाबनं डबीतली सुई नखानं हलवून पाहिली. मग त्यानं सारंगी तिच्या हातात दिली. आजवर त्यानं ती कुणाच्या हातात दिली नव्हती.

पहिला कर्णा तिनं पत्र्याचा केला. मीरासाबनं दोन सूर वाजवले आणि म्हणाला, "बरा हाय."

"खरं बोला."

"बरा हाय म्हंटलं की."

"अब्बा, मालकाफुडं गप बसला तसं माझ्याफुडं बसलासा तर ही सारंगी चुलीत घालीन!"

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा तडकला. "कुत्र्याच्या शेपटीला डबडं बांधल्यागत वाजतंय! झालं?"

अमीरबीनं तो कर्णा पायाखाली घालून चपटा केला. तिला बरं वाटलं.

दुसरा पितळेचा. त्या दुकानदाराकडं एक चेपलेला कर्णा पडून होता, तो दिलदारनं मागून आणला, ठोकून सरळ केला. याचा आवाज लांब गेला, पार गल्लीच्या टोकाला. शेजारच्या शेळ्या बावरल्या. पण मीरासाबनं मान हलवली. "नाकात बोलतोय. ही सारंगी रडत न्हाय, भांडतीया. तुझ्यागत."

अमीरबी ऐकत राहिली. म्हातारा बरोबर होता. पितळ पातळ होतं, कर्णा आखूड होता, तोंड एकदम फाकलं होतं. सूर बाहेर पडताना ओरखडा काढत होता. लांबट गळा हवा, तोंड हळूहळू उघडणारं हवं आणि धातू मऊ हवा. मऊ म्हणजे तांबं. घरात तांब्याची एकच जिन्नस होती, तिच्या आईनं लग्नात दिलेला पाण्याचा हंडा.

दिलदार म्हणाला, "अमीर, रागाच्या भरात कापू नगंस. उद्या रडशील."

"रडू दे. सारंगीलाच रडायचंय न्हवं का?" म्हणत तिनं कात्री चालवली.

तांब्याचा कर्णा हातभर लांब झाला. आवाज आता गोल आला, पण घुमायला लागला. विहिरीत कुणी बोलावं तसा. तिनं कर्ण्याच्या गळ्यात घोंगडीच्या लोकरीचा बोळा कोंबला. सूर मेला. अर्धा बोळा काढला. मग आणखी चिमूटभर. सुईचं तर वेगळंच त्रांगडं. घोडीवर जास्त दाबली की सूर गुदमरायचा, सैल ठेवली की चकती खरखरायची. मेणाचा एक ठिपका इकडं, एक तिकडं, असे चार दिवस गेले. दुकानातली कामं दिलदारनं एकट्यानं ओढली. पाचव्या दिवशी मीरासाबनं गज ओढला आणि तिघंही थांबली.

त्याच्या सारंगीत एक जरा चिरलेला, घोगरा सूर होता. खाली उतरताना तो सूर जागेवर पोचायच्या आधी किंचित अडखळायचा. आजवर तो फक्त शेजारी बसणाऱ्याला कळायचा. तो आता जसाच्या तसा गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथून एक म्हातारी काठी टेकत आली आणि विचारायला लागली, कोण गेलं?

दुसऱ्या दिवशी तिघं नाटकगृहात गेली. गणपतराव मागच्या बाकावर बसले. ऑर्गन चालू ठेवून मीरासाबनं वाजवलं. राणीचं काम करणारा सयाजी रंगमंचावर नुसता उभा होता, तो मिशा न फुटलेला गडी मटकन खालीच बसला. गणपतराव बाकावरून उठून पुढं आले. त्यांचे डोळे ओले होते. पण बोलले ते असं,

"चालतंय. पर ते तांब्याचं भोंगं कसलं विद्रूप दिसतंय! राणी रडाय लागली आनि लोक भोंग्याकडं बघून हसली म्हंजे? मीरासाब, तुमी पडद्याआड बसा."

अमीरबी कर्णा काढून घ्यायलाच पुढं झाली. मीरासाबनं तिचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. मला वाजवायचंय."

तिनं पुढं केलेला हात मागं घेतला. चार दिवसांनी भिंतीवर जाहिरात लागली आणि दिलदारनं ती तिला वाचून दाखवली: 'मालक गणपतराव यांनी स्वबुद्धीने निर्मिलेले अद्भुत रुदनवाद्य! हजारो रुमाल भिजतील!' खाली नटांची नावं, ऑर्गनवाल्याचं नाव, पडदे रंगवणाऱ्याचं नाव. मीरासाबचं कुठंच नाही.

"पुन्यांदा वाचा," अमीरबी म्हणाली.

दिलदारनं पुन्हा वाचलं. ती काहीच बोलली नाही. अठरा वर्षांच्या संसारात ती रागात गप बसल्याचं त्यानं प्रथमच पाहिलं, आणि तो घाबरला.

नवं नाटक लागलं आणि रविवारी दुपारी त्याचा खास बायकांसाठी खेळ होता. खेड्यापाड्यांतून गाड्या भरभरून बायका आल्या होत्या. अमीरबी मुद्दाम अगदी मागच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी गडहिंग्लजकडची धोंडुबाई नावाची धिप्पाड शेतकरीण होती. दोन अंक ती शेंगा खात, राजाला शिव्या देत बसली होती. तिसऱ्या अंकात राणीचं लेकरू तिच्यापासून तोडलं. सयाजी रंगमंचाच्या मधोमध बसला, ऑर्गन थांबला आणि पडद्याआडून सारंगी आली.

धोंडुबाईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. सारंगी खाली उतरत होती, अडखळत होती, पुन्हा वर चढत होती. पत्र्याखाली हजार बायका आणि एक खोकला नाही. धोंडुबाईनं डोळ्याला पदर लावला आणि अमीरबीला कोपरानं ढोसलं. "कोन बाई रडत्याय गं आत? आईच असनार कुनाची तरी."

"बाई न्हवं," अमीरबी म्हणाली. "माझा बाप हाय."

"आँ?"

"माझा बाप वाजवतोय! सारंगी हाय ती!"

पुढच्या बायकांनी "शूऽऽ" केलं. बस्स, तेवढंच निमित्त पुरलं. अमीरबी बाकावर उभी राहिली आणि तीन आठवड्यांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

"मला गप करता? त्या म्हाताऱ्याला बारा वर्सं गप केलंय, तेवढं बास झालं! मीरासाब नाव हाय त्येचं! पडद्याआड कोंडून घातलाय! आनि ते यंत्र मालकानं न्हाय केल्यालं, मी केलंय! माझ्या आईचा हंडा कापून केलंय!"

दारवान धावत आला. त्यानं तिच्या दंडाला हात घातला. धोंडुबाई उठून मधे उभी राहिली. "हात काढ! बाईच्या अंगाला हात लावतोस व्हय रं? लाव बघू मला!"

आणि या सगळ्यात सारंगी थांबली नव्हती. आत म्हाताऱ्याला काही पत्ता नव्हता.

"दावा की त्यास्नी!" कुणीतरी ओरडलं. मग दुसरी, मग दहा जणी. "कोन वाजवतंय, दावा की!" विंगेत गणपतराव लालबुंद होऊन हातवारे करत होते. रंगमंचावर राणी झालेला सयाजी नऊवारी सावरत उठला, बाजूच्या पडद्यापर्यंत चालत गेला आणि तो हातानं ओढून धरला.

मीरासाब सतरंजीवर बसला होता, डोळे मिटून. मांडीशी सारंगी आणि तिच्या बगलेतून वर आलेला तांब्याचा कर्णा. कुणी हसलं नाही. सूर संपला तेव्हा त्यानं डोळे उघडले, समोर एवढी तोंडं पाहिली आणि गज छातीशी धरून तो अवघडून उभा राहिला. सलाम करायचा असतो हेही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतरावांनी बापलेकीला बोलावून घेतलं. "माझा खेळ मोडलास, सटवे! पुन्हा ह्या दारात पाय ठेवलास तर बघ!"

अमीरबीनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी मीरासाब बोलला. आवाज चढला नव्हता.

"मालक, ती दारात येनार न्हाय तर मीबी येनार न्हाय. आनि सारंगी माझी, कर्णा तिचा. तुमचं ह्यात फकस्त भिंतीवरचं अक्षर हाय. तेवढं तुमी ठेवा." आणि तो चालायला लागला. अमीरबीला त्याच्यामागं पळावं लागलं.

तीन दिवस त्यानं सारंगीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी सयाजी घरी आला. पुढच्या रविवारच्या बायका आधीच विचारून गेल्या होत्या, सारंगीवाला म्हातारा असेल तरच येऊ. गणपतराव तयार झाले होते. मीरासाबनं ऑर्गनशेजारी, लोकांसमोर बसायचं. जाहिरातीत नाव यायचं. सयाजीनं छापखान्यातून आणलेला कच्चा कागद उघडून वाचला: 'सारंगी: मीरासाब. कर्णा बनवणार: दिलदार पत्रेवाले.'

मीरासाबनं समाधानानं मान हलवली. दिलदारनं मान खाली घातली.

"आनि मी?" अमीरबीनं विचारलं.

"अगं, बाईमानसाचं नाव भिंतीवर बरं दिसंल का?" सयाजी म्हणाला. "नवऱ्याचं काय, तुझं काय, एकच की."

तिनं त्याच्या हातातून कागद ओढून घेतला, पायात वहाणा सरकवल्या आणि छापखान्याकडं निघाली. दिलदार मागून येत होता. तिनं वळून पाहिलं. "मला अडवाय आलासा?"

"न्हाय," तो म्हणाला. "तुला लिवता येत न्हाय. मी सांगतो त्येला अक्षरं कोनती ती."

छापखान्यातला शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा आधी हसला, मग म्हणाला मालकाची चिठ्ठी आणा. अमीरबी त्याच्या यंत्राला पाठ लावून जमिनीवर बसली. "माझं नाव लागूस्तवर हे यंत्र फिरनार न्हाय," ती म्हणाली. दोन तास तिच्या तोंडाचा पट्टा चालला. त्यात छापखाना, गणपतराव, सयाजी, शाहूपुरीचा दुकानदार, कुणीच सुटलं नाही. शेवटी त्या माणसानं कपाळाला हात लावला, दिलदारचं नाव मोडलं आणि नवे खिळे उचलायला घेतले. दिलदार एकेक अक्षर सांगत गेला.

ओली प्रत हातात आली तेव्हा तिनं नावावर बोट ठेवून विचारलं, "हेच?"

"हेच," दिलदार म्हणाला.

तिनं ते बराच वेळ पाहिलं. मग खिळेवाल्याकडं वळली. "एवढं बारीक? ऑर्गनवाल्याचं बघा केवढं थोरलं हाय!"